पालथी बाटली

ओब्दुलियाच्या खानावळीत जेवायचं तर पोटात भूक असून भागत नसे, प्रश्नांची उत्तरंही द्यावी लागत. बाहा कॅलिफोर्नियाच्या मधल्या वाळवंटात, जिथे डांबरी रस्ता आणि निवडुंग सोडून दुसरी सोबत नाही, तिथे ताडाच्या झापांखाली तिची चार टेबलं होती. मैद्याची तोर्तिया तव्यावर फुगेपर्यंत ती गिऱ्हाईकाची आई, आजी, सासर, दुखणी सगळं काढून घेई. ट्रकवाले म्हणत, पोलीस परवडले, ही नको. पण जेवायला थांबत सगळेच.

सायकलवाले आले की तिच्या जिभेला धार चढे. कुठून कुठून येत, अंगावर मिठाचे पांढरे डाग घेऊन, बादलीभर पाणी पीत. ती विचारी, "तुमच्याकडे बसगाड्या नसतात का? एवढ्या उन्हात काय बघता रे?" एक म्हणाला, वारा. दुसरी म्हणाली, काही नाही, फक्त चाक. एकाला तर उत्तर देता देता रडू फुटलं. ओब्दुलियाचं काही समाधान होईना.

त्यांच्यामुळेच भिंतीवर चित्र आलं होतं. सायकलवाल्याचं पाणी संपलं की तो रस्त्याकडेला उभा राहून रिकामी बाटली पालथी धरतो. त्याला गाडीत बसायचं नसतं, फक्त पाणी हवं असतं. हे नव्या ड्रायव्हरांना कळावं म्हणून तिने रंगाचा ब्रश घेऊन पालथी बाटली काढली आणि खाली लिहिलं: ‘ही बघून जो थांबला नाही, त्याला इथे ताट नाही.’ बाटली काकडीसारखी दिसत होती, पण नियम कडक होता.

त्या नियमाने आजवर एकालाच बाहेर काढलं होतं, एलिसेओला. सिमेंटचा निळा ट्रक चालवणारा, मोजकं बोलणारा माणूस. काही वर्षांपूर्वी एका सायकलवाल्याला कुणीतरी अर्धमेल्या अवस्थेत उचलून तिच्या दारात आणलं. तो म्हणाला, निळा ट्रक आला, मी बाटली दाखवली, तो गेला. दुसऱ्याच दिवशी एलिसेओ जेवायला आला, तशी ओब्दुलिया हातातला डाव घेऊनच पुढे झाली. "ऊठ! माणसं तहानेनं मरतात आणि तुला गिळायला सुचतं?" तो उठला आणि गेला. तेव्हापासून तो नळावर गाडीत पाणी भरे आणि बाहेरच उभा राहून डबाबंद मासे खाई. बाकीचे ड्रायव्हरही त्याच्याशी बोलेनासे झाले. वाळीत टाकायला गाव मोठं लागतं असं नाही, चार टेबलं पुरतात.

मग एका लंबूटांग डॅनिश पोराचा गुडघा गेला. त्याने बस धरली आणि सायकल इथेच सोडली. ओब्दुलियाने सीट खाली करून घेतली आणि शेळ्यांच्या वाडग्यात धडपडत शिकली. नवरा लिब्रादो कुंपणाला टेकून हसायचा. "या वयात दात पडायचे, त्याऐवजी तूच पडतेस!"

"हस मेल्या. मी पुंता प्रिएताला जाणार आहे सायकलवर."

"कशाला?"

"ते गेल्यावर कळेल. तेच तर बघायचंय."

पुंता प्रिएता म्हणजे पुढचं गाव, सायकलवर दिवसभराची वाट. आयुष्यभर ट्रकच्या काचेतून पाहिलेला रस्ता एकदा आपल्या पायांनी तोडायचा, मध्ये कुणाच्याही गाडीत बसायचं नाही. एकदा जरी बसली, तर सायकलवाल्यांना विचारलेला तो प्रश्न जन्मभर तसाच राहणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मे महिन्यातल्या एका पहाटे ती निघाली. मागे पाण्याचा मोठा कॅन दोरीने बांधलेला, पुढे दोन बाटल्या. पहिला ट्रक ओळखीचाच निघाला. तो करकचून थांबला.

"दोन्या!" म्हणजे बाईसाहेब; सगळे ड्रायव्हर तिला असंच म्हणत. "काय झालं? लिब्रादोशी भांडण?"

"काही झालं नाही. जा तू."

"असं कसं जा? तुम्हाला टाकून गेलो तर उद्या ताट मिळायचं नाही. चढा वर!"

त्याला हाकलेपर्यंत दुसरा थांबला. मग तिसरा, रोसेंदो, तो तर खाली उतरून सायकलच उचलायला लागला. स्वतःच लावलेला नियम हात धुवून तिच्याच मागे लागला होता. शेवटी ती ओरडली, "रोसेंदो, तुझ्या ट्रकातल्या रेडिओवरून सगळ्या ड्रायव्हरांना सांग! आज माझ्यासाठी जो थांबेल, त्याचं जेवण बंद!"

रोसेंदोने सांगितलं. त्यानंतर कुणी थांबलं नाही. हॉर्न वाजवत, हात हलवत सगळे पुढे गेले, आणि ओब्दुलियाला रस्ता मिळाला.

खरंच मिळाला. ट्रकमधून जे नुसतं करडं दिसायचं, त्यात किती काय होतं! कार्दोन निवडुंगाच्या ढोलीत सुतारपक्ष्याचं घर होतं. खडकांना सकाळी एक वास होता आणि ऊन चढल्यावर दुसराच. चढ इतका लांब आहे हे तिला कधी कळलंच नव्हतं, कारण चढ आजवर इंजिनाने चढला होता. ती दमली, पण मनातून हरखली होती.

चढ संपून घाटाचा उतार लागला. रस्ता अरुंद, कडेला पाऊल ठेवायला जागा नाही. माशांचा एक ट्रक जवळून गेला, त्याच्या वाऱ्याने ती खडीत फेकली गेली. कोपर सोलवटलं, सायकल वाचली, पण कॅन फुटला. ती उठेपर्यंत पाणी मातीने पिऊनही टाकलं होतं. बाटल्या तर चढावरच संपल्या होत्या.

खाली दरीतला कोरडा तलाव पांढराफटक पसरला होता, सावलीचं नाव नाही. सायकलवाल्यांना ती स्वतःच बजावायची: पाणी संपलं की पुढे जायचं नाही. म्हणून ती खडकाच्या हातभर सावलीत थांबली आणि गाडीचा आवाज आला की बाटली पालथी धरू लागली.

पहिला ट्रक हॉर्न वाजवत गेला. "शाब्बास, दोन्या!" दुसऱ्याने तर टोपी काढून सलाम ठोकला. रेडिओवरचा हुकूम चोख पाळला जात होता. ती ओरडली, पण ओठ सुकले होते, आवाज फुटेना. पहिल्यांदाच तिला भीती वाटली.

मग वरून निळा ट्रक आला. सिमेंटने लदलेला, कण्हत, दमादमाने उतरत. तिने बाटली उंच धरली. एलिसेओने पाहिलं, नक्की पाहिलं, आणि ट्रक पुढे गेला. हॉर्नसुद्धा नाही.

"तू तर जाणारच, मेल्या!" ती पुटपुटली. रागाने तिला जरा तरतरी आली.

सावली सरकली तशी तीही सरकत राहिली. बऱ्याच वेळाने खालून घरघर ऐकू आली. एखादी गाडी सगळ्यात लहान गिअरमध्ये, ओझ्यासकट, जिवावर उदार होऊन घाट चढत होती. वळणावरून निळं नाक दिसलं. इंजिनातून वाफ निघत होती. चढावर गाडी उभी करून, चाकाला दगड लावून एलिसेओ पाण्याचा कॅन घेऊन उतरला.

ती प्यायली. मग थांबून तिने त्याचा ट्रक ज्या उताराने गेला आणि आता जो चढून परत आला, त्या रस्त्याकडे पाहिलं.

"उतारावर थांबवता येत नाही?"

"एवढं ओझं असताना नाही. ब्रेक जळतात. खाली तलावापाशीच वळायला जागा आहे."

तिने कॅनचं झाकण हळूहळू फिरवून बंद केलं.

"त्या दिवशी, तो सायकलवाला... तोही इथेच होता?"

"थोडा वर."

"आणि तू परत आला होतास."

"आलो होतो. तोवर कुणीतरी नेलं होतं त्याला."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तुम्ही विचारलंत कुठे? हातात डाव होता."

ओब्दुलियाच्या डोळ्यांत पाणी आलं. साऱ्या जगाला खोदून खोदून विचारणाऱ्या बाईने या एका माणसाला एक प्रश्न विचारला नव्हता. "रेडिओ ऐकला नाहीस? मी थांबू नका म्हटलं होतं."

"ऐकला ना. पण बाटली पालथी होती." त्याने कॅन परत उघडला. "भिंतीवरचं ते चित्र बाहेरूनही दिसतं. रोज समोरच असतं."

त्याने तिच्या बाटल्या भरल्या. "चढता गाडीत?"

"नाही."

"वाटलंच मला." तो हसला. त्याचे पुढचे दात किडलेले होते, हेही तिला आजच कळलं.

सूर्य कलताना ती पुंता प्रिएताला पोचली. लिब्रादो जुनी गाडी घेऊन केव्हाचा येऊन बसला होता. तिचं कोपर बघून त्याची मस्करी घशातच राहिली. तरी त्याने विचारलंच, "मग? काय दिसतं सायकलवरून?"

"पुढे गेलेली गाडी परत येताना दिसते," ती म्हणाली, आणि ढसाढसा रडली. लिब्रादोला काही कळलं नाही. तो नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

पुढच्या खेपेला निळा ट्रक नळापाशी उभा राहिला, तेव्हा ओब्दुलिया स्वतः बाहेर आली. एलिसेओच्या हातातला माशांचा डबा तिने काढून घेतला, त्याला दंडाला धरून भरल्या खानावळीतून मधल्या टेबलाशी नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी चुकले होते. हा परत आला होता." मग सुक्या मांसाची भुर्जी आणि वाफाळत्या तोर्तिया त्याच्यापुढे ठेवून ती समोरची खुर्ची ओढून बसली.

"हं, आता सांग. आई आहे का? लग्न का नाही केलंस? आणि हे दात कुणी बघितलेत का कधी?"

एवढ्या वर्षांचे प्रश्न साठले होते. एलिसेओला ते जेवण गारच खावं लागलं.