आधी पाणी

सतरा फेब्रुवारी. खाकी पँटची उंची कमी करत बसले होते. अकोल्यात पोलीस ठाण्यासमोर माझं शिवणाचं दुकान आहे. पँट जमादारांची होती आणि ते तीन दिवसांपासून नागपूरच्या दवाखान्यात बेशुद्ध होते. तरी शिवत होते. हातांना काम हवं होतं.

“आधी पानी पाजा, मंग भांडा.” जमादार नवरा-बायकोच्या भांडणात गेले की दारातच त्यांचं हे वाक्य. काठी बाहेर टेकवायची, बूट काढायचे, खाली बसायचं आणि सगळ्यात जास्त ओरडणाऱ्यालाच पाणी आणायला पाठवायचं.

“त्यालेच काहून?” मी एकदा विचारलं.

“ताई, गिलास हातात आला का मानूस यजमान होते. यजमान शिव्या देत नाही.”

“अन् एकटेच काहून जाता?”

“दोघं गेलो तं धाड वाटते.”

मला ते पटायचं नाही. प्यालेला माणूस, लहान खोली आणि बूट काढून बसलेला पोलीस. ठाण्यातली पोरं चिडवायची, “जमादार, च्याचंबी सांगून ठेवा!” ते पोट हलवत हसायचे. कितीतरी भांडणं त्यांनी अशी मिटवली, हेही खरंच.

तीन दिवसांपूर्वी संध्याकाळी माझ्या शेजारचा बायकोला मारत होता. मी ठाण्याला फोन केला नाही, सरळ जमादारांच्या मोबाईलवर केला. गल्लीत सगळे तेच करायचे. गाडी आली की बोभाटा होतो. ड्यूटी संपवून घरी निघालेले ते तसेच आले. बसले. पाणी मागितलं. शेजारी आत गेला आणि विळा घेऊन बाहेर आला.

आता ठाण्यात प्रश्न होता, नोंद न करता हे तिथे गेले कशाला? शेजाऱ्याच्या भावानं उत्तर पसरवलं, जमादाराचं त्या बाईकडे येणं-जाणं होतं म्हणून. पँटला टीप घालत होते तेव्हाच तो दुकानात आला.

“काकू, तुमी काई पाह्यलं नाही ना? याच गल्लीत राहाचं आहे तुमाले.”

मी टीप घालतच राहिले. सुई मात्र बोटात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता ठाण्यात गेले. फोन मी केला होता, असं सांगितलं आणि मोबाईलमधली वेळ दाखवली. जबाब वाचून पाहिला. ‘स्वतःहून गेले’ असं लिहिलं होतं. ते खोडायला लावलं, ‘बोलावल्यावरून गेले’ असं लिहून घेतलं आणि सही केली.