कुड्याचं ताक

आई न्यूमोनियातून उठली, पण इस्पितळातल्या इंजेक्शनांनी तिचं पोट पार बिघडलं. दिवसातून आठ-दहा वेळा मी तिला धरून संडासापर्यंत न्यायचे. मी कर्जतच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिला समजावणं त्यामुळे मला सोपं वाटायचं.

"औषधांनी वाईट जंतू मेले, तसे आतड्यातले चांगलेही मेले. ते परत वाढायला वेळ लागेल. डॉक्टरांनी दिलंय तेवढंच घ्यायचं, बाकी काही नको."

एका दुपारी लवकर घरी आले, तर कळंबहून मावशी आलेली. तिनं कुड्याच्या झाडाची साल उगाळून ताकात कालवली होती आणि कप आईच्या ओठाला लावला होता.

"हे काय चाललंय?"

"आगं, पोट सुटलं की आमी हेच देतो. तुला बी दिलंय ल्हानपणी."

मी कप हिसकावला आणि आईच्या देखत बेसिनमध्ये ओतला. वरच्या ओठाला लागलेलं ताक आईनं जिभेनं टिपलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर नवव्या दिवशी ती गेली. हृदय थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

पुढे तिची गादी आवरताना सालीचा एक तुकडा सापडला. मावशीनंच ठेवला असणार. मी तो प्रयोगशाळेत नेला, अर्क काढला. एका बशीत जुलाबाचे जंतू वाढवले, दुसरीत दह्यातले. पहिल्या बशीत अर्काभोवतीचे जंतू मेले, स्वच्छ वर्तुळ पडलं. दुसरीतही पडलं, जरा लहान. मग मी बरोबर होते की चूक? काचेची बशी म्हणजे आतडं नव्हे, हे मीच वर्गात सांगते. तरी आठवडाभर त्या बशा उजेडात धरून बघत राहिले.

शेवटी कळंब गाठलं. मावशी ओटीवर तांदूळ निवडत होती.

"त्या ताकानं तिला बरं वाटलं असतं का गं?"

"काय म्हाईत. वाचली नसतीच ती." तिचा हात सुपात थांबला. "पन पोरी, किती दिसांनी तिनं तोंडानं कायतरी मागितलं व्हतं. मी आपलं करून दिलं."

आईनं मागितलं होतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

आता घरात एकटी असले की आई झोपायची त्या आतल्या खोलीतून तिचा आवाज येतो, "देतेस का गं?" मी उठते, दारापर्यंत जाते. आत पाऊल टाकायचा धीर मला अजून झालेला नाही.