पंपाआधी गोळी

"हा डिमेन्शिया नाही," अलिबागच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मला तिथेच रडू आलं. डिमेन्शिया म्हणजे उतारवयात स्मृती विरत जाण्याचा आजार. माझ्या धाकट्या भावाला, सुधाकरला, तरुणपणापासून स्किझोफ्रेनिया आहे. कानात आवाज येणं, संशय घेणं हे गोळ्यांनी केव्हाच आटोक्यात आलं. आता साठीला टेकल्यावर मात्र तो सकाळची गोळी घेतली की नाही हेच विसरायला लागला होता.

"या आजारात स्मरणशक्ती थोडी अधू असतेच, वयाबरोबर ते जास्त जाणवतं," बाई म्हणाल्या. "पण ते नवं शिकतील. फक्त शिकताना चुकू देऊ नका, चूकच डोक्यात बसते." याला एररलेस लर्निंग म्हणतात, म्हणजे चुकायला जागाच न ठेवता शिकवणं.

मला घाई होती. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन मुंबईत ठरलं होतं आणि चौलच्या घरात आम्ही दोघंच. जेवणाखाण्याचं शेजारची कुंदा बघणार होती, पण सुधाकर माझ्याशिवाय कुणाच्या हातून गोळी घेत नाही. स्वतः घ्यायला शिकला नाही तर त्याला संस्थेत ठेवावं लागणार होतं. चुलतभावाने जागाही बघून ठेवलेली. मी म्हटलं, बघूच.

पहिली युक्ती अंगाशी आली. पूजा तो कधी चुकवत नाही, म्हणून गोळीची डबी देव्हाऱ्यात ठेवली. दोन दिवसांनी निर्माल्य टाकतो त्या नारळाच्या बुंध्याशी जास्वंदीबरोबर गोळ्या सापडल्या.

"देवापुढलं व्हतं ना ते अक्का," तो म्हणाला. "मग झाडालाच घालायचं." मी कपाळाला हात लावला आणि मग हसत सुटले. त्याचं तरी काय चुकलं होतं?

बाईंना कळवलं आणि दुसरा विचार केला. सकाळी पंप लावून सुपारीच्या झाडांना पाणी वळवणं त्याला कधीच सांगावं लागत नाही. मग डबीत त्या दिवसाची एकच गोळी घालून ती पंपाच्या खोपीत, बटणाशेजारी टांगली. आधी गोळी, मग बटण. सुरुवातीला मी त्याचा हात डबीवर नेत असे. मग दारात उभी राहू लागले, मग विहिरीपाशी, शेवटी घराच्या पडवीत. एका सकाळी पंप लागल्यावर लंगडत जाऊन पाहिलं, तर डबी रिकामी होती आणि नारळाच्या बुंध्याशीही काही नव्हतं.

तुमच्या घरी असं माणूस असेल तर त्याला काय आठवत नाही ते मोजत बसू नका. हातांना काय पाठ आहे ते बघा आणि नवी गोष्ट त्या सवयीला जोडून ठेवा. पावसाळ्यात आमचा पंप बंद असतो. तेव्हाची युक्ती मला अजून सापडलेली नाही, पण सापडेल.

डबीत रोजची गोळी आता कुंदा घालून ठेवत होती. ऑपरेशननंतर तिनेच फोन लावून दिला. मागे पंपाचा आवाज येत होता. इतकं बरं वाटलं की गुडघ्याचं दुखणंही घटकाभर विसरले.

"अक्का, मी घेतली," सुधाकर म्हणाला. "तू घेतलीस का तुझी?"

सिस्टर ठेवून गेलेली गोळी स्टुलावर तशीच पडली होती.

"न्हाय ना घेतलीस? घे आधी," तो म्हणाला. "मी थांबतो."