टोपणातलं ऑइल

आमच्या कोरेगावच्या पेठेतले ऑइलवाले दोघांनाच भीत. एक तपासणीला येणाऱ्या साहेबाला, आणि दुसरं माझ्या थोरल्या भावाला. दादा कोपऱ्यावर दिसला की एक दुकानदार भरल्या पोटी मागच्या दारानं जेवायला जायचा. शपथेवर सांगतो, दादाच्या पायी त्या माणसाचं पोट इतकं सुटलं की शेवटी गल्ला उघडायला त्याला खुर्ची मागं सरकवावी लागे.

दादा फौजेत ड्रायव्हर होता. लडाखात म्हणे ऑइल गुळाच्या ढेपेसारखं घट्ट व्हायचं आणि हे लोक ते कुऱ्हाडीनं फोडून इंजिनात घालायचे. हे दादानं कधी सांगितलं नव्हतं, मीच सांगायचो. तो एवढंच म्हणायचा, थंडीत पातळ घालायचं आणि गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते वाचायचं. त्याला गोष्ट सांगता यायची नाही. त्याची कमाई तो घेऊन यायचा आणि त्या कमाईच्या गोष्टी मी करायचो, अशी आमची वाटणी होती.

पेन्शनीवर आल्यावर त्यानं पिकअप घेतली. मी चालवायची आणि त्यानं शेजारी बसून माझ्या चुका काढायच्या. म्हसवडकडची डाळिंबं, आमच्या भागातलं आलं, काय मिळेल ते भरून पुण्याच्या बाजारात टाकायचं. पण गाडीचं ऑइल बदलायचा दिवस म्हणजे आमच्या घरी सण. दादा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात जायचा. डब्याचं सील नखानं तपासायचा, थेंब घेऊन अंगठ्यानं बोटावर चोळायचा आणि डोळे मिटून वास घ्यायचा. मग फिल्टर. खोक्यावरचा नंबर वाचायचा, खोक्यातून काढून फिल्टरवरचा वाचायचा, आणि दोन्ही जुळले तरी घरून आणलेल्या चिठ्ठीवरचा पुन्हा वाचायचा. हजेरी घेतल्यासारखा, मोठ्यानं.

मी एकदा म्हटलं, आटे बसतायत ना, मग कुठलाही चालतोय की. आमच्याकडं निम्म्या गाड्या तशाच चालतात. आटे बसले की फिल्टर बसला.

दादानं माझ्याकडं बघितलं. "दुसऱ्याचा बूट पायात जातोय म्हणून त्योच घालून परेडला जातोस काय रं?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. ती महिनाभर मला बूट म्हणून हाक मारायची.

मग दादाच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं. उजवा हात गेला, पाय गेला, बोलणं जड झालं. पण डोकं जाग्यावर होतं आणि डावा हात चालत होता. आमची आळी इतकी अरुंद की लग्नाची वरातसुद्धा एकामागं एक चालते. पिकअप आत यायची नाही, ती वर रस्त्याकडेला उभी असायची. दादाला तिथवर नेणं जमेना. म्हणून दर रविवारी सकाळी मी इंजिनातलं ऑइल मोजायच्या गेजच्या पट्टीवरनं थेंब थेंब ऑइल डब्याच्या टोपणात उतरवून घ्यायचो आणि ते टोपण त्याच्या खाटेपाशी न्यायचो. तो डाव्या हाताची दोन बोटं बुडवायचा, चोळायचा, वास घ्यायचा. म्हणायचा, "अजून दोन फेऱ्या चालंल." किंवा, "बदल." बाकी आठवडाभर त्याला भरवणारे, फिरवणारे, पुसणारे आम्ही, त्या एका घटकेला मात्र मालक तो असायचा. टोपण आलं की वहिनी त्याच्या पाठीला उशी लावायची आणि तो ताठ बसायचा.

दिवाळीच्या आधी ऑइल बदलायचं झालं. ऑइल चांगलं मिळालं. फिल्टर नव्हता. दुकानदार म्हणाला, उद्या येईल. उद्या मला म्हसवडची डाळिंबं भरायची होती आणि शेतकऱ्याचे फोनावर फोन चालले होते. त्यानं दुसरा फिल्टर काढला. तेवढाच, तसाच, रंगही तोच. मी हातानं फिरवून बघितला. आटे बसले.

डाळिंबं पुण्यात टाकून परत येताना खंबाटकीचा घाट चढत होतो. ऑइलचा लाल दिवा लागला. मला वाटलं, दिवाच बिघडला असेल, ऑइल तर नवंकोरं. दोन वळणं गेलो. तिसऱ्या वळणावर आतून असा आवाज आला की कुणी लोखंडी पलंग जिन्यावरनं खाली सोडलाय, आणि इंजिन जाम झालं. गाडी मागं सरकायला लागली. मागं ट्रक होता. हँडब्रेक ओढून, चाकाला दगड लावून कशीबशी थांबवली. शिरवळच्या मिस्त्रीनं फिल्टर कापून दाखवला. आतला कागद चोळामोळा होऊन तोंडाशी बसला होता. नवं ऑइल होतं, पण इंजिनाला पोचतच नव्हतं.

दवाखान्यात सगळं गेलं होतं, नवं इंजिन कुठलं बसवतोय. गाडी तिथंच विकली. रिकामा घरी आलो तर वहिनीनं दारातच अडवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "भावजी, त्यास्नी सांगू नगा. गाडी हाय म्हणून त्ये रविवारची वाट बघत्यात."

आता खोटं बोलणं मला काय जड. मला सांगलीत हळदीच्या वखारीत पोती उचलायचं काम मिळालं. शनिवारी संध्याकाळी गावी यायचो. अंगाला हळदीचा वास यायचा, तर सांगायचो, या आठवड्यात हळदच भरली. रविवारी पहाटे कोरेगावच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीचाचांकडं जायचो. चाचा दादाचे जुने दोस्त. ते आमच्यासारख्याच एखाद्या पिकअपचं ऑइल टोपणात काढून द्यायचे. किती जुनं द्यायचं याचा हिशेब त्यांच्या डोक्यात. दादानं बदल म्हटलं की पुढच्या रविवारी नव्यासारखं दिसणारं, मग काळं, मग अजून काळं. एकदा म्हणाले, "तुझी गाडी इकून झाली, तरी सगळ्यात जास्त सर्व्हिसिंग तिचीच चालू हाय."

आणि गोष्टी काय सांगितल्या मी. न चाललेल्या गाडीच्या फेऱ्या. हडपसरला बैलानं रेडिएटरला शिंगं मारली. आल्याच्या पोत्यात नाग निघाला आणि तो वास सहन न होऊन स्वतःच उतरून गेला. दादा अर्ध्या तोंडानं हसायचा. आजारी पडल्यावर तो माझ्या गोष्टी पहिल्यांदाच पुऱ्या ऐकायला लागला होता.

चार महिने चाललं. मग चाचांच्या लेकीचं लग्न निघालं आणि गॅरेज बंद. मी शेजाऱ्याच्या मोटरसायकलचं ऑइल टोपणात घेतलं. म्हटलं, ऑइल ते ऑइल.

दादानं बोटं बुडवली. चोळली. वास घेतला. पुन्हा घेतला.

"ह्येच्यात पेट्रोल हाय," तो म्हणाला. "ही आपली गाडी न्हाई."

मी सुरुवात केली. पंपावरचा माणूस तिरळा होता, त्यानं डिझेलची नळी समजून दुसरीच धरली... दादा नुसता बघत होता. बोटं तशीच वर धरलेली. माझी गोष्ट जन्मात पहिल्यांदा मध्येच थांबली.

मग सांगितलं. घाट, दिवा, शिरवळ, सगळं.

"फिल्टर कुठला हुता?"

"मिळाला त्यो. आटं बसलं."

त्यानं डोळे मिटले. नट अर्धा फेर जास्त आवळला तरी मला फाडून खाणारा माणूस. मी शिव्यांची वाट बघत होतो. खरं सांगतो, त्या मला हव्या होत्या. डोळे उघडून त्यानं विचारलं, "घाटात एकटाच हुतास?"

"व्हय."

"भ्यालास?"

गावात मी त्या घाटाची गोष्ट तीन तऱ्हांनी सांगितली होती. एकीत तर मी पाठ लावून गाडी थोपवली होती.

"लय भ्यालो, दादा."

त्यानं ऑइलचा हात माझ्या मनगटावर ठेवला. वहिनी चहा घेऊन दारात आली होती. ती आत आलीच नाही.

त्यानंतर त्यानं ऑइल मागितलं नाही. रविवारी मी रिकाम्या हातानं त्याच्या खाटेपाशी बसायचो. तो विचारायचा, किती पोती उचललीस. मी खरा आकडा सांगायचो. पाठ दुखते का म्हणायचा. मी म्हणायचो, दुखते. त्याच्या पाठीला आता उशी लावावी लागत नव्हती, तो झोपूनच बोलायचा. मी एकदा हसवायला म्हणून वखारीतल्या उंदराची एक गोष्ट काढली. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे."

खरं बोलायला लागल्यावर आम्हा दोघांत बोलण्यासारखं फार थोडं उरलं. ते संपायच्या आत, त्याच उन्हाळ्यात, तो गेला.