गणवेशवाला शेठ आणि माझी उमेदवारी

माझ्या नवऱ्याचे सहा पांढरे बनियन एका धुण्यात गुलाबी झाले, म्हणून मी निवडणुकीला उभी राहिले. कुणाला खोटं वाटेल, पण कारण एवढंच होतं.

आम्ही मूळचे नाशिकचे. नवरा सौदीत जुबैलच्या एका प्लांटवर इंजिनिअर. मुलीच्या शाळेसाठी आम्ही दम्मामला घर घेतलंय आणि तो कंपनीच्या बसने रोज जाऊन-येऊन करतो. मी नाशिकला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, इथे आल्यापासून घरीच आहे. मुलगी सहावीत, एका खासगी भारतीय शाळेत. त्या वर्षी शाळेने गणवेशाचा दुकानदार बदलला आणि नवा मरून स्कर्ट पहिल्याच धुण्यात मशीनभर पसरला. नवऱ्याची काही तक्रार नव्हती. "कव्हरऑलच्या आत कोण बघतंय?" म्हणाला. माझी मात्र होती.

पुढच्या पालकसभेला मी पर्समध्ये एक बनियन घालून नेला. प्रश्न विचारा म्हटल्यावर उठले, बनियन उंच धरला आणि रंग कापडाला कसा धरतो, का सुटतो, हे चार मिनिटं समजावून सांगितलं. बऱ्याच वर्षांनी समोर बसलेला वर्ग मिळाला होता, त्यामुळे थांबवेना. शेवटी टाळ्या पडल्या. शेजारी बसलेली मुलगी हळूच म्हणाली, "ममा, प्लीज, वो नीचे करो. दॅट इज पापाज अंडरवेअर."

दोन आठवड्यांनी शाळेच्या व्यवस्थापन समितीची निवडणूक लागली. ही समिती पालकच मतं देऊन निवडतात. गणवेश कुणी शिवायचे, बस कुणाच्या लावायच्या, कँटीन कुणाला द्यायचं, हे सगळं ती ठरवते. त्यामुळे निवडणुकीत पालकांपेक्षा दुकानदारांनाच जास्त रस. मागच्या वेळी आम्हा मराठी पालकांतून तिघं उभे राहिले, मतं फुटली आणि तिघंही पडले. म्हणून या वेळी आमच्या व्हॉट्सअॅप गटाच्या प्रमुखांनी फर्मान काढलं की आधी आपल्यातच मतदान घ्यायचं, त्यातून एकच उमेदवार काढायचा आणि मग सगळ्यांनी त्यालाच मत द्यायचं. हे गृहस्थ पुण्याचे, त्यामुळे फर्मानाला परिशिष्टही होतं.

दोन नावं पुढे आली. एक माझं, बनियनमुळे. दुसरं श्रीवर्धनकडच्या एका भाईंचं. त्यांचं दम्मामला मसाल्याचं आणि सुक्या मासळीचं दुकान, मुलगा चौथीत. अर्धं मराठी दम्माम त्यांच्याकडून कोकम नेतं, मीही नेते.

नाव जाहीर झालं त्याच दुपारी मला एक फोन आला. गणवेशाचं काम हातचं गेलेला आधीचा शेठ बोलत होता.

"मॅडम, आपने सभा में जो बोला, दिल खुश हो गया. आप सिर्फ खड़े रहिए, बाकी मैं देखता हूँ."

मी म्हटलं, मला काही देखभाल नको आहे. तो म्हणाला, मॅडम, देखभाल नाही, प्रेम आहे.

तीन दिवसांनी ते प्रेम एका टेम्पोतून आमच्या इमारतीखाली उतरलं. टिश्यूचे दोनशे डबे होते. इथे घरात, गाडीत, दुकानात, जिथे तिथे टिश्यूचा डबा असतोच, तेव्हा प्रचाराला याहून चांगली वस्तू नाही, असा शेठचा हिशेब. डब्याच्या वरच्या बाजूला माझा मोठा फोटो, गटाच्या डीपीवरून उचललेला. खाली 'स्वच्छ विचार, पक्का रंग'. सगळं ठीक होतं, पण टिश्यू ओढायची फट नेमकी माझ्या तोंडावर आली होती. ओठांच्या जागी भोक आणि त्यातून अर्धवट बाहेर आलेला पांढरा टिश्यू.

नवरा कामावरून आला, डब्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि त्याने एक टिश्यू ओढला. मग आणखी एक. "तू बोलायला लागलीस की अशीच दिसतेस," म्हणाला. त्याला जेवायला पालक दिला, जो त्याला आवडत नाही.

डबे परत न्या म्हणून मी शेठला चार फोन केले. तो उचलेना. तोवर त्याच्या माणसांनी निम्मे डबे परस्पर वाटूनही टाकले होते. दोन दिवसांनी भाईंच्या दुकानात कोकम आणायला गेले तर गल्ल्यावर मीच होते, फटीत टिश्यूसकट. हळद वजन करून झाली की भाई माझ्या तोंडातून टिश्यू काढून हात पुसत होते.

मला बघून ते कावरेबावरे झाले. "वहिनी, राग नका मानू. फुकट आला म्हणून ठेवला. टिश्यू चांगला हाय."

"अहो, तुम्ही माझ्याविरुद्ध उभे आहात ना?"

"मी कुठला उभा? मला उभा केलाय." मग त्यांनी सांगितलं ते असं. बसचा ड्रायव्हर एकदा त्यांच्या मुलाचा विसरलेला डबा दुकानात आणून देऊन गेला, तेव्हा यांनी गटावर लिहिलं की बसवाले देवमाणसं आहेत. ते बसच्या ठेकेदारापर्यंत पोचलं. त्याचा ठेका यंदा संपत होता. त्याने भाईंच्या नावाचे फलक केले, टोप्या केल्या, आणि आमच्या मतदानाला मोफत बसही कबूल केली. भाईंच्या बायकोला हे सगळं फार आवडलं होतं. "ती म्हणते, शेजाऱ्याचा मुलगा सरपंच झाला, तुम्ही निदान हे तरी व्हा. वहिनी, खरं सांगा, समिती नक्की करते काय?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की गणवेश, बस, कँटीन याच्यापुढे मलाही काही माहीत नाही. मग त्यांनी कोकम अर्धा किलो जास्त घातलं, मी नको म्हटलं, त्यांनी पुन्हा घातलं.

आमच्यातलं मतदान शुक्रवारी दुपारी एका इस्तिराह्यात होतं. इस्तिराहा म्हणजे शहराबाहेर सहलीसाठी भाड्याने मिळणारं बागेचं घर. भाडं शेठने परस्पर भरून टाकल्याचं आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. मी खरं तर माझी गाडी काढणार होते, पण मुलीच्या सगळ्या मैत्रिणी बसने जाणार होत्या. त्यामुळे मी, माझी मुलगी आणि रात्रपाळीहून आलेला माझा पेंगुळलेला नवरा, असे तिघंही भाईंच्या नावाच्या बसमधून, भाईंच्या नावाच्या टोप्या घालून, भाईंना हरवायला गेलो. उन्हाची बरी म्हणून टोपी मीही घातली होती.

आधी माझं भाषण. मी बनियनपासूनच सुरुवात केली, कारण लोकांना तेच ऐकायचं होतं. रंगात आले आणि भाईंच्या बायकोने हात वर केला.

"ताई, आताच्या दुकानाचा रंग जातो, ते कळलं. पण तुम्हाला डबे देणाऱ्या शेठचा जात नाही कशावरून?"

प्रश्न अगदी बरोबर होता. वर्गात असा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी पहिल्या बाकावर बसवलं असतं. शेठ मागे खुर्चीत बसला होता. तो तत्काळ उठला, पिशवीतून हिरवा स्कर्ट काढला आणि पुढे घेऊन आला. समिती बदलली की गणवेशाचा रंगही बदलायचा, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं, हे आम्हाला तेव्हाच समजलं.

"चेक कीजिए, मॅडम. सबके सामने चेक कीजिए."

मी बाटलीतलं पाणी स्कर्टच्या कोपऱ्यावर ओतलं. घासायला पांढरं काहीतरी हवं होतं. समोर टेबलावर माझा डबा होता. मी माझ्याच तोंडातून एक टिश्यू ओढला, ओल्या कापडावर दहा वेळा घासला आणि वर धरला.

टिश्यू हिरवागार झाला होता.

मला खोटं बोलता आलं असतं, म्हणजे ऊन आहे, भास होतोय, असं काहीतरी. पण पंधरा वर्षं प्रयोगशाळेत मुलांना 'जे दिसलं तेच लिहा' म्हणून दटावलेलं. मी म्हटलं, "रंग सुटतोय. आताच्या दुकानापेक्षा जास्तच."

"मॅडम, ये रंग नहीं है," शेठ म्हणाला, "ये फिनिशिंग है."

मग जे हसू उसळलं ते काही केल्या थांबेना. गटप्रमुख परिशिष्टाचा कागद तोंडावर धरून हसत होते. शेठने स्कर्ट घडी करून पिशवीत ठेवला आणि उरलेले डबे उचलायला लागला. भाड्याचे पैसे मात्र त्याला परत मागता येईनात, कारण आम्ही सगळे आधीच लॉनवर बसलेलो होतो.

त्यानंतर भाई उठले. खिशातून कागद काढून वाचू लागले, "प्रिय पालकहो, शिक्षण हा एक प्रवास आहे. आणि या प्रवासात आमच्या बसचे एसी..." ते थांबले. पुन्हा तेच वाक्य मनातल्या मनात वाचलं. "हे 'आमच्या' कुठून आलं? माझी कुठे बस हाय?" कागद उलटा करून पाहिला. "हे माझं भाषण नाय. ठेकेदाराने लिहून दिलंय. मला कोकमाबद्दल कायतरी बोलता येईल. नको? मग खलास." आणि बसले. त्यांना माझ्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या.

चिठ्ठ्या खुब्सच्या, म्हणजे इथल्या रोट्यांच्या, रिकाम्या टोपलीत टाकल्या गेल्या. मी चार मतांनी जिंकले. नवऱ्याने कुणाला मत दिलं ते त्याने आजवर सांगितलेलं नाही, पण परतताना बसमध्ये तो भाईंच्या शेजारी बसला होता आणि दोघं फार मजेत होते.

रविवारी मी अर्ज भरायला शाळेत गेले. खिडकीतल्या क्लार्कने माझा इकामा, म्हणजे इथला रहिवासी परवाना, पाहिला, संगणकात पाहिलं आणि मान हलवली. शाळेच्या नोंदीत पालक म्हणून वडिलांचंच नाव होतं आणि उमेदवार नोंदीतलाच लागतो. मी म्हटलं, पालकसभेला मी येते, गृहपाठ मी घेते, ताप आला की फोन मला येतो. तो म्हणाला, "हो मॅडम, पण सिस्टिममध्ये सर आहेत."

म्हणजे उमेदवार माझा नवरा. त्याला झोपेतून उठवून सांगितलं. त्याने विचारलं, "मला काही येणार का त्यातलं?" मुलीने दारातून विचारलं, "पापा, माझी डिव्हिजन कोणती?" त्याने बराच विचार करून 'बी' म्हटलं. ती 'ई'मध्ये आहे, पहिलीपासून. त्याने पांघरूण डोक्यावरून ओढलं आणि आतून माघार जाहीर केली.

मला वाईट वाटलं, आणि दोन दिवस चांगलंच वाटलं. चार मतं का होईना, माझी होती. तिसऱ्या दिवशी उठून मी भाईंच्या दुकानात गेले आणि म्हटलं, आता तुम्हीच. भाषण मी लिहून देते. ते म्हणाले, "वहिनी, लहान लिहा." मी पाच वाक्यं लिहिली. त्यांनी त्यातली तीन म्हटली आणि ते निवडून आले.

ठेकेदाराने त्या दिवशी दुकानासमोर पेढे वाटले. पण पहिल्याच बैठकीत कामं वाटली गेली तेव्हा बस, गणवेश, कँटीन ही सगळी जुन्या सभासदांनी आपल्याकडे ठेवली आणि भाईंना ग्रंथालय दिलं. त्यांनी लगेच मला फोन केला.

"वहिनी, पुस्तकांवर टाकलाय मला. सगळी वाचायला लागतात काय?"

"नाही हो. आधी ती कुठे आहेत ते शोधायला लागेल."

ती जिन्याखालच्या खोलीत होती, खोक्यांत. ठेकेदाराचा फोन त्यानंतर भाईंना आला नाही, आणि शेठचा मलाही नाही. पुस्तकांवर कुणाचाच डोळा नव्हता. आता दर शनिवारी सकाळी भाईंची बायको, मी आणि भाई तिथे बसतो. मी यादी करते, भाईंची बायको फाटकी पानं चिकटवते आणि मला अजूनही अधूनमधून पहिल्या बाकावरचे प्रश्न विचारते. भाई पुस्तकांना कव्हरं घालतात. तीस वर्षं पुड्या बांधल्यामुळे त्यांचा हात असा बसलाय की एकाही कोपऱ्याला चिकटपट्टी लागत नाही. परवा त्यांनी घडी घालता घालता एक गोष्टीचं पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. अर्धा तास झाला तरी पान उलटण्याखेरीज काही करेनात. बायको म्हणाली, "अवो, यल्ला, चला लवकर, अजून दोन खोकी हायत."

"थांब गं," ते म्हणाले, "विहिरीत पडलाय तो. निघूदे त्याला."