अंजनीचा खडखडाट

श्रोतेहो, काही कंठांत देव भक्ती ठेवतो, काहींत वादळ ठेवतो. दीक्षितपुऱ्याच्या अंजनीच्या कंठात त्याने दोन्ही एकत्र नांदवली. वडील जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात कामाला, आणि लेक ‘खडखडाट’ नावाच्या पंक बँडची गायिका! कर्कश गिटार, बेभान ड्रम, आणि मध्ये ही किडकिडीत पोर, नळाच्या पाण्यापासून हुंड्यापर्यंत साऱ्यांवर कडाडणारी.

पुढे लग्न झाले, विनीता झाली. लेक रांगत असतानाच दुखण्यापायी अंजनीचे स्वरयंत्र काढावे लागले. एक टाळी म्हणजे ‘जवळ ये’, दोन टाळ्या म्हणजे ‘जेवायला चल’: याच हाकांवर विनीता वाढली, कॉलेजात गेली. आईचा आवाज तिला आठवतच नव्हता.

अंजनीच्या लग्नाआधी एका गणेशोत्सवात खडखडाटचा कार्यक्रम झाला होता, त्याचे चित्रीकरणही झाले होते. ते शोधत विनीता आईला घेऊन कमानिया गेटजवळ अंबादास व्हिडिओवाल्याकडे गेली.

“त्यावर तर मी एक लग्न चढवून टाकलं, बेटा,” अंबादास ओशाळला. “क्यासेटी महाग होत्या तेव्हा. आता काहून शोधून राहिली?”

“आईचा आवाज ऐकायचा आहे, भैया. बस, और कुछ नहीं.”

अंजनीने ‘राहू दे’ असा हात हलवला. अंबादास मात्र थबकला. “थांब! आरतीची क्यासेट वेगळी असते. ती ज्याच्या हातून आरती, त्याच्या घरी जाते. त्या दिवशी मान नव्या जोडप्याचा होता, जया अन् दिवाकरचा. शहपुऱ्याला असतात ते.”

शहपुऱ्यात जयाबाईंनी लग्नाच्या शालूच्या घडीतून क्यासेट काढली आणि अंजनीला मिठी मारली. “तूच ना ती? ही क्यासेट लावली की माझ्या सासूबाई दरवेळी विचारायच्या, ही कोण पोरगी देवाशी भांडून राहिली?” अंजनी खांदे गदगदवीत हसली.

अंबादासच्या दुकानात क्यासेट लागली. पडदाभर जया, तबक, धूर. अंजनी कुठेच नाही. पण आरती सुरू झाली, आणि काय सांगू! कार्यक्रम मध्येच थांबवून आरती घेतलेली. ड्रम थांबेना, झांजा मागून धावताहेत, आणि सगळ्यांच्या पुढे तो खरखरीत, तापलेला, देवाला हाताला धरून ओढणारा सूर!

आरती संपली. माईकवरून तोच आवाज खणखणला: “प्रसाद घेतल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही! समजलं का?”

विनीताने क्यासेट मागे नेली. गाण्यासाठी नव्हे, त्या दटावणीसाठी. पुन्हा ऐकली. पुन्हा मागे नेली.

“समजलं का?” पडद्यातून आईने विचारले.

“समजलं, आई,” विनीता पडद्याला म्हणाली.

मागच्या बाकावरून हलकेच एक टाळी वाजली. विनीता उठली, आणि आईच्या कुशीत शिरली.