रेड अलर्टच्या आदल्या दिवशी मिळालेली पाळी

बाबांचं डायलिसिस ठाण्याला चालायचं. आम्ही राहायला ठाकुर्लीत आलो तरी त्यांनी सेंटर बदललं नाही. "तिथल्या सिस्टरचा हात हलका आहे," एवढंच त्यांचं म्हणणं. त्यामुळे प्रत्येक पाळीला मी त्यांना गाडीने घेऊन जायचे.

गणपती नुकतेच गेले होते. दुपारी मोबाईलवर इशारा आला: ठाणे जिल्ह्यात उद्या विजांच्या कडकडाटासह अतिमुसळधार पाऊस, सखल भागांत अचानक पूर येण्याची शक्यता. रेड अलर्ट. नेमकी उद्या सकाळीच बाबांची पाळी होती. मी सेंटरला फोन केला. सिस्टर म्हणाल्या, "आज सगळी मशीन भरलीत हो. पण येऊन बसा, कोणी बदलून देतंय का बघू."

आम्ही जाऊन बसलो. बाबा निवृत्त शिक्षक, कुणाकडे काही मागायचं म्हणजे त्यांना अवघड. "परत जाऊ या, उद्याचं उद्या बघू," असं ते सारखं पुटपुटत होते. एवढ्यात संध्याकाळच्या पाळीचे एक आजोबा सुनेचा हात धरून आले. ठाण्यातल्याच कोलशेतचे कोळी, उभं आयुष्य खाडीत होडी चालवण्यात गेलेलं. आम्ही त्यांना नुसतं तोंडओळखीने ओळखत होतो. सिस्टरशी चाललेलं माझं बोलणं त्यांनी ऐकलं आणि सरळ म्हणाले, "मास्तरांना झोपवा माज्या मशीनवर. मी उद्या येन."

"अहो, पण पाऊस..." मी म्हटलं.

"माजा घर जवलच हाय. तुमी लांबशी आलाव."

सुनेचा चेहरा उतरला. तिची काळजी मला कळत होती. ती सासऱ्यांना एवढंच म्हणाली, "डॉक्टर बोलले तरच हां, मामा." डॉक्टरांनी त्यांना तपासलं, आधीचे रिपोर्ट पाहिले आणि एक दिवस उशीर चालेल म्हणाले. तिने मला स्वतःहून आपला नंबर दिला, माझाही घेतला.

दुसऱ्या दिवशी अंदाज शब्दशः खरा ठरला. विजा अशा पडत होत्या की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. नाल्याचं पाणी बघता बघता आमच्या सोसायटीच्या जिन्यापर्यंत आलं, वीज गेली, रस्ता दिसेनासा झाला. बाबा घरात सुखरूप होते, पण त्यांनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. "लाव ना गं फोन त्यांना," एवढंच चाललेलं. फोन लागत नव्हता.

दुपार टळल्यावर आजोबांच्या सुनेचाच फोन आला.

"ताई, लावलंय मामांना मशीनवर," ती म्हणाली. त्यांच्या आळीत कंबरेएवढं पाणी भरलं होतं. शेजारच्या पोरांनी आजोबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खांद्यावरून मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. तिथून एका टेम्पोवाल्याने पुढे सोडलं. सेंटरचा जनरेटर चालू होता. रात्रपाळीच्या सिस्टर घरी जाता येत नाही म्हणून थांबल्याच होत्या.

"आनि मामा इचारतात, मास्तर बरे हायत ना?"

मी फोन स्पीकरवर टाकला. बाबा फोनजवळ सरकले. मोठ्याने म्हणाले, "बरा आहे. तुमच्यामुळे बरा आहे."

पुढे सिस्टरनी दोघांची पाळी एकाच वेळेची करून दिली. शेजारशेजारच्या खाटांवर ते तास न् तास गप्पा मारायचे. एकाने भरती-ओहोटी सांगायची, दुसऱ्याने शाळेतले किस्से. आई गेल्यापासून बाबा असे मोकळे हसलेले मी पाहिले नव्हते. पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेला आम्हाला कोलशेतचं बोलावणं आलं, तेव्हा बाबा इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून तयार होते. पथ्यामुळे त्यांना नारळीभात दोनच घास मिळाला. तो त्यांनी फार सावकाश खाल्ला.

आता बाबा नाहीत. आजोबांची सून मात्र मला अजून फोन करते. आकाश भरून आलं की पहिला तिचाच येतो, "ताई, घरी पोचलाव का?"